विधानसभेच्या उमेदवाराची धोरणात्मक भूमिका कशी तपासावी?

पुण्यातील विधानसभा उमेदवाराची धोरणात्मक भूमिका कुठे पाहावी, असे आपण विचारले आहे. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रातून मालमत्ता, शिक्षण व प्रलंबित गुन्हे कळतात, भूमिका नव्हे; त्यासाठी पक्षाचा जाहीरनामा, सभांतील भाषणे आणि उमेदवार विद्यमान आमदार असल्यास त्यांनी सभागृहात विचारलेले प्रश्न पाहावेत, आणि माझ्या मते यांतील शेवटचे साधन सर्वांत विश्वासार्ह आहे. खड्डे, कचरा हे मुख्यतः महापालिकेचे विषय, तरी प्रचारपत्रके त्यांनीच भरलेली असतात. खडकवासला धरणाच्या पाण्यातील शहराचा व शेतीचा वाटा, २०१७ व २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेली गावे आणि पीएमआरडीएचे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे) अधिकार यांविषयी मात्र थेट विचारावे, कारण तेथे निर्णय राज्य शासनाचा असतो.