वाचकांचे प्रश्न : घराबाहेरचा, लाकडावर चालणारा बॉयलर किती मोठा घ्यावा?

प्रश्न : दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. बागेलगतच्या घरात आम्ही दहा माणसे राहतो आणि पर्यटकांसाठी शेजारी चार खोल्या बांधल्या आहेत. माझे मेहुणे अमेरिकेत मिशिगन राज्यात असतात. त्यांच्या अंगणात टपरीएवढा लाकडावर चालणारा बॉयलर आहे आणि त्यातले गरम पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून फिरून सगळे घर उबदार ठेवते. तसाच बॉयलर अंबडच्या एका कारखानदाराकडून बनवून घ्यावा, असा विचार आहे. त्यांनी ताशी ५०,००० किलोकॅलरी क्षमतेचा बॉयलर सुचवला आहे. बागेतल्या काड्या आणि बांधावरची बाभूळ हे जळण घरचेच आहे. हा बॉयलर घ्यावा का, आणि घेताना काय पाहावे?
— एक वाचक, दिंडोरी

उत्तर : बॉयलर जरूर घ्यावा, पण सुचवलेल्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याएवढा घ्यावा आणि वाचलेला पैसा टाकीवर खर्च करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मिशिगनमध्ये हिवाळ्यात तापमान आठवडेच्या आठवडे शून्याखाली असते आणि भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते. आपल्याकडे निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहा अंशांच्या खाली उतरतो, कधी पाचच्याही खाली जातो, हे खरे. पण दुपारी ऊन चांगले तापते आणि भिंती पुन्हा कोमट होतात. त्यामुळे आपली खरी गरज सकाळी आंघोळीच्या गरम पाण्याची आहे. घर तापवण्याची गरज दोन महिन्यांतल्या काही संध्याकाळी आणि पहाटे, तीही मुख्यतः वृद्धांच्या खोलीपुरती आहे.

आता हिशेब पाहू. घरची दहा आणि पाहुणे आठ, अशा अठरा जणांसाठी सुमारे ४०० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायचे, तर १६,००० किलोकॅलरी उष्णता लागते (एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी). हे काम दोन तासांत उरकायचे असेल, तर ताशी ८,००० ते १०,००० किलोकॅलरींची भट्टी पुरते. चांगले वाळलेले लाकूड किलोमागे साधारण ३,५०० किलोकॅलरी देते. त्यातली निम्मी उष्णता पाण्यात उतरली असे धरले, तरी रोज नऊ-दहा किलो लाकडात हे काम होते.

मोठा बॉयलर घेऊन ठेवला तर बिघडले काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. घराबाहेरच्या बॉयलरचा सगळ्यात मोठा दोष नेमका इथेच आहे. या बॉयलरची भट्टी चारही बाजूंनी पाण्याच्या कवचात असते. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचले की हवेची झडप बंद होते, आणि आत भरलेली लाकडे जळायची थांबून नुसती धुमसत राहतात. त्या वेळी धुराड्यातून पिवळट, डोळ्यांना झोंबणारा धूर जमिनीलगत पसरतो. कवचाच्या थंड पत्र्यावर डांबरासारखा चिकट, काळा थर साचतो. त्या थरातला आम्लयुक्त ओलावा पत्रा खातो, आणि हाच थर धुराड्यात पेटला की आगीचा धोका असतो. भट्टी गरजेपेक्षा जितकी मोठी, तितका तिचा धुमसण्याचा वेळ जास्त. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याने १९९७ मध्येच असे बॉयलर शेजारच्या घरापासून २०० फूट, म्हणजे सुमारे ६० मीटर दूर ठेवण्याचा नियम केला, तो या धुरामुळेच. तिथल्या केंद्र सरकारने २०१५ मध्ये धुराच्या मर्यादा घातल्या आणि २०२० पासून त्या आणखी कडक केल्या. त्यामुळे आपल्या मेहुण्यांचा बॉयलर जुना असेल, तर त्याची नक्कल करणे म्हणजे तिथे आता नव्याने विकता न येणारी वस्तू इथे बनवून घेण्यासारखे होईल.

यावर उपाय एकच : भट्टी लहान ठेवावी, ती पूर्ण हवा देऊन भडक जाळावी आणि निर्माण झालेली उष्णता ५०० लिटरच्या, चारही बाजूंनी किमान १०० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) लावलेल्या टाकीत साठवावी. संध्याकाळी दोन तास जाळ केला की सकाळपर्यंत पाणी आंघोळीजोगे गरम राहते आणि पहाटे कोणाला उठावे लागत नाही. दिवसा ऊन असतेच, म्हणून त्याच टाकीला सौर बंब जोडता आला तर जळण आणखी वाचेल.

टाकीची जागा बॉयलरपेक्षा उंच असावी, हा आग्रह कृपया सोडू नये. पाणी फिरवण्यासाठी पंप बसवला आणि ऐन जाळात वीज गेली, तर कवचातले पाणी जागीच उकळू लागते. आपल्या भागात वीज केव्हा जाईल, हे कोणी सांगावे? टाकी वर असली की गरम पाणी आपोआप चढते, थंड पाणी खाली येते आणि पंपाची गरजच राहत नाही. त्याशिवाय कवचातून वर जाणारी, हवेत उघडी असणारी एक नळी हवीच, आणि तिच्यावर कुठल्याही कारणाने व्हॉल्व्ह बसवू देऊ नये. बंद कवचात वाफ कोंडली, तर पोलादी पत्राही फाटतो. पाणी १०० अंशांच्या आत तापवणारे असे उघडे साधन बॉयलरविषयक कायद्याच्या व्याख्येत येत नाही, म्हणजे सरकारी निरीक्षक ते तपासायला येणार नाही. म्हणून ही काळजी आपणच घ्यायची आहे.

आपल्याकडे बोअरवेलचे पाणी असेल, तर ते थेट कवचात सोडू नये. क्षारांचा थर आतून धरतो, पत्र्याची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि पत्रा जळतो. कवचात तेच ते पाणी फिरते ठेवावे आणि आंघोळीचे पाणी टाकीतल्या तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून तापवून घ्यावे. याचा दुसरा फायदा असा की भट्टीला रोज थंडगार पाणी मिळत नाही आणि वर सांगितलेला चिकट थर कमी साचतो. भट्टीचा पत्रा ६ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये, आणि राख काढण्याचे दार माणसाचा हात खांद्यापर्यंत आत जाईल एवढे असावे. लहान दाराची भट्टी कोणी साफ करत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे.

जळणाबाबत थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असते आणि ते उडवण्यातच बरीच उष्णता खर्च होते. बाभूळ माघ-फाल्गुनात तोडून, मनगटाएवढ्या जाडीच्या ढलप्या करून उन्हाळाभर उन्हात रचावी आणि मृगापूर्वी शेडखाली घ्यावी. वाळलेल्या ढलपीच्या टोकाला मध्यापासून कडेकडे जाणाऱ्या चिरा पडलेल्या दिसतात, साल नखाने सुटते आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज येतो; ओली ढलपी बद्द वाजते. छाटणीच्या काड्या मात्र भट्टीत घालू नयेत. त्या क्षणात जळून जातात आणि त्यांच्यावर हंगामभराच्या फवारण्यांचे, बोर्डो मिश्रणातल्या तांब्याचे अवशेष असतात. त्यांचा भुगा करून बागेतच आच्छादन करणे योग्य. बांधावर आंबा, चिंच, मोह यांसारखी झाडे असतील, तर ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगीशिवाय तोडता येत नाहीत.

वृद्धांच्या खोलीसाठी टाकीतून एक जोड काढून ठेवावा आणि तिथे दीड-दोन किलोवॉटचा एकच रेडिएटर, म्हणजे आतून गरम पाणी फिरून खोली तापवणारे पत्र्याचे साधन, बसवावा. पाहुण्यांच्या चारही खोल्यांपर्यंत जमिनीखालून नळ्या नेणे आम्हाला पटत नाही, कारण नळ्यांभोवतीच्या उष्णतारोधक आवेष्टनात पावसाळ्याचे पाणी शिरले की उष्णता मातीतच जाते. तिथे जाड रजया द्याव्यात.

प्रश्न : आम्ही पंचवटीत जुन्या घरात राहतो. भांडी बाजारातून घेतलेला आजेसासऱ्यांच्या वेळचा तांब्याचा बंब अजून उत्तम आहे. थंडीत तो न्हाणीघरात पेटवला तर चालेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : न्हाणीघरात मुळीच पेटवू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला ना रंग ना वास, आणि बंद खोलीत तो माणसाला सावध होण्याची संधीही देत नाही. पूर्वीची न्हाणीघरे परसात, वरून उघडी असत, हे विसरू नये. खिडकी किंचित उघडी ठेवणे पुरेसे नाही. बंब परसात किंवा गच्चीवर मोकळ्या जागेत, शेजाऱ्यांच्या खिडक्यांपासून दूर ठेवावा आणि पाणी बादलीने किंवा नळीने आत आणावे. नाशिक शहर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित हवेच्या शहरांच्या यादीत आहे, त्यामुळे गल्लीत धूर करणारे ओले लाकूड, प्लायवूडचे तुकडे किंवा रंगवलेल्या फळ्या जाळू नयेत. पेटवण्यापूर्वी आतल्या कल्हईकडे आणि तोटीच्या जोडाकडे एकदा कल्हईवाल्याकडून पाहून घ्यावे, आणि पाणी भरल्याशिवाय बंबात विस्तव टाकू नये.