विसार द्यायच्या आधी

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू विकत घ्यायला बघतोयस त्या फ्लॅटच्या हॉलमधला वारा, भिंतींचा रंग आणि गॅलरीतून दिसणारा पांडवलेणीचा डोंगर यांचं कौतुक केलंस. मला त्यातून तीनच गोष्टी ऐकू आल्या: इमारत 12 वर्षांची, मजला सगळ्यात वरचा आणि रंग ताजा. अरे, ऐन श्रावणात घराला आतून रंग कोण देतं? वाळतसुद्धा नाही तो.

एजंट म्हणतोय रविवारपर्यंत विसार द्या, सिंहस्थ आला की भाव चढतील. 2015 च्या सिंहस्थाआधीही नाशकात हेच वाक्य पाथर्डी फाट्यापासून आडगावपर्यंत प्रत्येक एजंटाच्या तोंडी होतं. त्या घाईत पडू नकोस.

माझी गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा सांगतो. आमचं रो-हाऊस मी एप्रिलमध्ये पाहिलं आणि मे महिन्यात ताबा घेतला. जुलैत बेडरूमच्या कोपऱ्यात तळहाताएवढा डाग आला. गणपती येईपर्यंत कपाटामागची भिंत लोणा लागून फुगली आणि तुझ्या मामीच्या लग्नातल्या पैठणीला बुरशी धरली. बिल्डरकडे गेलो, तर त्याने ताबापावती पुढे केली. ‘काम पाहिले, समाधानकारक आहे’ आणि खाली माझी सही. दुसऱ्यांच्या स्लॅबवर नजर ठेवण्यात जन्म गेला आणि स्वतःच्या घराच्या कागदावर मी चहा पिता पिता सही केली.

तर रविवारी विसार नको, रविवारी घर पाहायला जा. दिवसाउजेडी जा, आदल्या रात्री पाऊस पडून गेला असेल तर फारच छान. टॉर्च आणि एक नाणं बरोबर घे. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका उजेड पाड. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवर पुट्टीची ठिगळं अशा उजेडात उठून दिसतात. छताला, विशेषतः बाहेरच्या भिंतीच्या कडेकडेने, हेच कर. मग नाण्याने प्लास्टर आणि फरशा वाजव. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत पोकळ आहे.

भिंतीला तडा दिसला की लगेच घाबरू नकोस. बीमच्या खाली सरळ आडवा किंवा कॉलमच्या कडेने सरळ उभा तडा बहुतेकदा वीटकाम आणि काँक्रीट यांच्या सांध्याचा असतो. तिथे जाळी मारून प्लास्टर केलं की भागतं. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका गेलेला, नाणं शिरेल एवढा तडा असेल, किंवा बीम-कॉलमवरच तडा असून त्यातून तांबूस डाग ओघळले असतील, तर तो नाण्या-टॉर्चने तपासायचा विषय नाही. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडते. अशा वेळी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलाव, फी दे आणि त्याच्याकडून लेखी अहवाल घे. बँकेकडून व्हॅल्युएशनला, म्हणजे घराची किंमत ठरवायला, माणूस येईल, त्याला तपासणी समजू नकोस. तो बँकेचे पैसे बुडणार नाहीत ना, एवढं बघतो. तुझं छत गळतं की नाही, हे त्याच्या कागदात नसतं.

बाथरूमची खरी परीक्षा खालच्या मजल्यावर होते. खालच्या घराची बेल वाजव, ‘वर राहायला यायचा विचार आहे’ म्हण आणि त्यांच्या बाथरूमचं छत बघून घे. चहा मिळेल, शिवाय घरमालक सांगणार नाही ते सगळं कळेल. वायरिंगचं मात्र इलेक्ट्रिशियनवर सोड. करंट गळला की वीज तोडणाऱ्या ईएलसीबी स्विचचं टेस्टचं बटण दाबल्यावर खटका पडतो का, तेवढं स्वतः पाहा.

आता गच्ची. तुझ्या डोक्यावर दुसऱ्याचं घर नाही, गच्ची आहे, आणि गच्ची सोसायटीची. तिच्यातून गळणारं पाणी थांबवणं उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमांप्रमाणे, सोसायटीचं काम, म्हणून त्याबद्दल घरमालकाशी वाद घालून काही हाती लागत नाही. सेक्रेटरींना भेट. वॉटरप्रूफिंगचा ठराव झालाय का, वर्गणी किती निघाली, विकणाऱ्याने ती भरली का, हे सभांच्या इतिवृत्तात पाहा. तोंडी ‘पुढच्या वर्षी करणार आहोत’ हे मी 8 वर्षं सलग ऐकलेल्या सोसायट्या आहेत. आणखी 3 वर्षांनी इमारत 15 ची होईल, मग दर 5 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आणि त्यातून निघणारा खर्च सगळ्यांच्या माथी येईल, हेही हिशेबात धर.

दोष सापडले की मागणी कशी करायची, यातच बहुतेकांचं चुकतं. एक जण 40 कलमांची यादी देतो, त्यात नळाची गळती, बिजागरी, ओट्याचा उडालेला टवका. विकणारा वैतागतो आणि मोठा दोषही त्या गर्दीत हरवतो. तू फक्त पाणी, काँक्रीट आणि वीज यांच्याबद्दल बोल. नळ तू बदलशील. आणि ‘दुरुस्त करून द्या’ असं चुकूनही म्हणू नकोस. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातला गडी आणतो आणि पांढरं काहीतरी फासून मोकळा होतो. दोन ठेकेदारांचे लेखी अंदाज घे आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून माग. विसार देणारच असशील तर विसारपावतीत लिहून घे की इंजिनिअरच्या अहवालात गंभीर दोष निघाला तर विसार पूर्ण परत. एवढ्या ओळीला नाही म्हणणाऱ्या विकणाऱ्याकडून मी तरी घर घेणार नाही.

गंगापूर रोडचा दुसरा फ्लॅट, नदीच्या अंगाचा, तू रंग आवडला नाही म्हणून सोडलास. इमारत 3 वर्षांची आहे ना? रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीचा बिल्डरांवरचा कायदा, त्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून 5 वर्षांत बांधकामाचा दोष निघाला आणि बिल्डरला कळवला, तर त्याने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. मूळ मालकाकडून घेणाऱ्यालाही हा हक्क मिळतो. मुदत मात्र पहिल्या ताब्यापासूनच मोजतात, म्हणून मूळ मालकाच्या ताबापत्राची तारीख बघ. आणि महापालिकेत पूररेषेचा नकाशाही बघ. निळी रेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. नाशकात 2008 ला पूर आला आणि 2019 ला गोदावरीच्या पात्रातला दुतोंड्या मारुती परत पाण्याखाली गेला, मध्ये 11 वर्षंच होती. पार्किंगमधल्या वॉचमनला विचार, पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल.

शनिवारी रात्री पाऊस झाला तर फोन कर, मी येतो. गच्चीच्या टाकीवर चढायला शिडी लागेल, ती वॉचमनला सांगून ठेव. चढायचं मात्र तुला, माझ्या गुडघ्यांचा आता भरवसा नाही.

तुझा,
मामा