बाबांचा दंड मोजलाय का कुणी?

"ताई, बाबांचा व्हिडिओ सल्ला म्हणजे दर वेळी परीक्षा असते. कॉल लागला की बाबा बीपीचा पट्टा बांधायला घेतात, आम्ही तिघं भावंडं तीन देशांतून त्यांची विचारपूस करत असतो, आणि आकडा हमखास १६० च्या वर. डॉक्टर गोळी वाढवू या म्हणतात. डिजिटल स्टेथोस्कोप, घरचं ईसीजी, कानात बघायचा कॅमेरा असा अख्खा संचच पाठवून देऊ का? की मोठा टॅबलेट घेऊ?"

अगं बाई, उत्तर तुझ्याच पत्रात आहे. "विचारपूस करत असतो"! त्या १६० मध्ये बाबा किती आणि तुमची विचारपूस किती, हे डॉक्टरांनी पडद्यावरून कसं ओळखायचं? घरचं बीपीचं मशीन डॉक्टरांसारखं कान लावून ऐकत नाही. पट्ट्यातली हवा उतरताना दाबात जी बारीक थरथर होते, तिच्यावरून ते आकडा काढतं. हात हलला की त्याचा गोंधळ होतो. आणि नुसत्या बोलण्यानं वरचा आकडा सहज १० नं चढतो. आईबाप लांब असले की जीव टांगणीला लागतो, हे मला तू सांगायला नको. पण काळजी करायला दिवस पडलाय, नेमकी पट्टा फुगत असतानाच कशाला?

आता माझा आवडता प्रश्न. बाबांचा दंड मोजलाय का? खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, कापडी टेपनं. बऱ्याच मशीनसोबत येणारा पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी असतो. जाड दंडाला तोच करकचून बांधला की आकडा फुगून येतो, काटकुळ्या दंडाला मोठा पट्टा लावला की कमी दिसतो. माझ्या सासूबाईंचा दंड ३६ सेंटीमीटर. दिरांनी मोठ्या हौसेनं मशीन आणलं, पट्टा जेमतेम पुरायचा. आकडे चढे, म्हणून गोळी वाढली, आणि सासूबाईंना उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. मोठा पट्टा लावल्यावर आकडा खाली आला आणि डॉक्टरांनी गोळी पुन्हा उतरवली. दीर आजही म्हणतात, मशीनच बिघडलं होतं!

तेव्हा मोजमाप कॉलवर नाही, कॉलच्या आधी. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू, व्यायाम नको. लघवीला जाऊन यायचं. खुर्चीत पाठ टेकून, पावलं जमिनीला, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसायचं. बाही वर सरकवून तिचा फास करायचा नाही, हात सरळ बाहीतून बाहेर काढायचा आणि छातीच्या उंचीला टेबलावर ठेवायचा. मिनिटाभराच्या अंतरानं दोनदा मोजायचं, सकाळ-संध्याकाळ, कॉलच्या आधीचा आठवडाभर. दोन्ही आकडे वहीत तारीख-वेळेसह लिहायचे. आवडला नाही म्हणून एखादा गाळायचा नाही; आमच्याकडे ही खोड सासऱ्यांना होती. त्या पानांचे फोटो डॉक्टरांना आदल्या दिवशी पाठव. नवं मशीन घ्यायचंच झालं तर मनगटाचं नको, दंडाचंच घे, आणि बीपीची मशीनं अचूक आहेत का याची यादी करणाऱ्या 'स्ट्राइड बीपी' या संस्थेच्या यादीत तपासलेलं मॉडेल आहे का ते बघ. नाडी अनियमित असेल तर घरच्या आकड्यावर किती विसंबायचं, हे डॉक्टरांनाच विचार.

आणि हे वाचून गोळी परस्पर कमी करायला सांगशील, तर खबरदार. आकडा १८०/१२० च्या पुढे आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोबडी वळणं किंवा हातापायातली शक्ती जाणं यांपैकी काही असेल, तर व्हिडिओची वाट बघत बसायचं नाही. तडक इस्पितळ.

बाकीचं पटकन. स्टेथोस्कोप: कॉलचं ॲप मागचा गोंगाट पुसतं, त्यात हृदयाचे खालच्या पट्टीतले आवाजही पुसले जातात; डॉक्टरांकडे तो आवाज वेगळा ऐकायची सोय असेल तरच घे. ईसीजी डॉक्टरांनी मागितलं तर. कानाचा कॅमेरा कानात धरणार कोण? टॅबलेटही नको, आहे तोच फोन स्टँडवर ठेव, बाबांचं तोंड खिडकीकडे कर, पाठ नको. अंगावर पुरळ असेल तर व्हिडिओपेक्षा दिवसाउजेडी काढलेला फोटो बरा.

तुझी डॉक्टर मैत्रीण तिकडून औषध लिहून देईल का, हेही विचारलंयस. रुग्ण जिथे बसलाय तिथला परवाना साधारणपणे लागतो, म्हणून तिला भरीला घालू नकोस. प्रश्नांची यादी करायला मात्र जरूर बसव.

आणि कॉलवर तिघांपैकी एकानंच बोलायचं, बाकीच्या दोघांनी माईक बंद ठेवून ऐकायचं. तो एक कोण, ते आपसात भांडून ठरवा. त्यासाठी मला पत्र नको.