घरच्या छोट्या वर्कशॉपसाठी स्वस्तातलं कॉर्डलेस ड्रिल कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की बाल्कनीत सुतारकाम सुरू केलंय, बजेट पाच हजारांच्या आसपास आहे आणि ड्रिल "भिंतीलाही चालेल असं" हवं. हे शेवटचे तीन शब्द वाचले आणि लिहायलाच बसले, कारण याच तीन शब्दांपायी आमच्या घरात तीन वर्षं वाद चाललाय.

मीही बाल्कनीतच काम करते. प्लायचे कप्पे, स्टूल, देव्हाऱ्याची बिजागरी, असलं काहीबाही. आधी बाबांचं गिरमिट होतं, पण एका कपाटाला चाळीस स्क्रू म्हटल्यावर मनगट कामातून जातं. मग ऑनलाइन २,१०० रुपयांचं '४८ व्होल्ट'चं ड्रिल मागवलं, दोन बॅटऱ्या आणि वर बिटांची पेटी फुकट. प्लायवर झकास चाललं. मग हॉलच्या खिडकीवर पडद्याचा रॉड लावायला घेतला आणि नेमके त्याच दिवशी ताई-भाऊजी आलेले. हॅमर मोडवर (फिरता फिरता ठोकेही मारतं तो) टाकून लावलं तर कर्रर्र आवाज, प्लास्टरची धूळ डोळ्यात, पंधरा एमएम आत गेलं आणि पुढे ढिम्म. सोफ्यावरून भाऊजी, "अगं खेळणं आहे ते, ठेव बाजूला. वायरवालं तेच खरं ड्रिल."

पुढच्या रविवारी स्वतःचं वायरवालं घेऊन हजर. बाह्या दुमडून स्टुलावर चढले, दहा मिनिटं सगळं वजन टाकून रेटत होते, मी खाली धुळीसाठी पेपर धरून उभी. भोक माझ्यापेक्षा फार तर पाच एमएम पुढे गेलं असेल. बिट बाहेर काढलं तर टोक निळं पडलेलं. म्हणाले, बिट खराब आहे. बिट त्यांचंच होतं!

आठवड्याने एसी बसवायला आलेल्या पोराने त्याच्या रोटरी हॅमरने चारही भोकं दोन मिनिटांत पाडून दिली, वर पैसे घ्यायला लाजत होता. त्यानेच सांगितलं की ताई, खिडकीच्या वर लिंटेल असतो, म्हणजे आरसीसीची, सळया घातलेल्या काँक्रीटची आडवी पट्टी, तिथे साधं ड्रिल रडतं. साध्या ड्रिलचा हॅमर म्हणजे आतल्या दोन दातेरी चकत्या एकमेकींवरून कडकड घसरतात, जितकं तुम्ही रेटाल तितकाच ठोका. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो आणि तो हवेच्या दाबाने ठोके मारतो, तुम्ही फक्त धरायचं. म्हणजे मुद्दा वायरीचा नव्हताच मुळी. हे मी दर दिवाळीला सांगते आणि दर दिवाळीला उत्तर एकच, बिट खराब होतं.

असो, तुमचं ड्रिल. लाकूडकामाला १२ व्होल्टचं नावाजलेल्या कंपनीचं घ्या, दोन बॅटऱ्यांचा सेट बघून, विषय संपला. मी आता बॉशचं जीएसआर १२०-एलआय वापरते, चक (बिट पकडणारा जबडा) १० एमएमचा, टॉर्क म्हणजे पिळायची ताकद ३० न्यूटन मीटर, प्लाय-सागवानाला भरपूर झालं आणि डोक्याच्या वर हात करून धरलं तरी खांदा भरून येत नाही. १८ व्होल्टच्या मोहात पडू नका, वजन वाढतं आणि पैसेही. आणि डब्यावरच्या आकड्यांना तर अजिबात भुलू नका. माझ्या '४८ व्होल्ट'ची एक बॅटरी दीड वर्षात मेली, त्या आकाराची दुसरी मिळेना म्हणून उघडली तर आत पाच सेल, प्रत्येकी ३.६ व्होल्टचे. पाच गुणिले करा, १८ होतात. (तुम्ही उघडू नका, शॉर्ट झालं तर आग लागते, मला नंतर कळलं.) '२० व्होल्ट मॅक्स' लिहितात तेही तेच पाच सेल, फुल चार्जचा आकडा छापतात एवढंच.

पैसे उरले तर चांगल्या बिटांवर घाला, फुकटच्या पेटीतली बिटं सागवानात जळतात. स्क्रू पिळताना क्लच (चकमागची नंबरवाली कडी, ठराविक जोरानंतर पिळणं थांबवते) खालच्या नंबरवर ठेवा, नाहीतर एमडीएफमध्ये, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या फळीत, स्क्रूचं डोकं गडप होतं.

भिंतीचं म्हणाल तर सगळ्याच भिंती काही वाईट नसतात हं. नव्या इमारतीत सिपोरेक्सचे, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक असतील तर माझं बिनहॅमरचंही लोण्यासारखं जातं. विटेची भिंत असेल तर याच कंपनीचं जीएसबी १२०-एलआय बघा, त्याला हॅमर आहे, सहा एमएमचं भोक पडेल. पण बीम, कॉलम, लिंटेल असेल तर रोटरी हॅमरवाल्याला बोलवा, चार भोकांसाठी मशीन घेऊ नका.

आणि भाऊजी, तुम्ही इथे वाचता हे ताईने सांगितलंय. ते निळं बिट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. परवा सिपोरेक्सच्या भिंतीत लावून बघितलं, सरळ आत गेलं.