कर्ज काढून डेव्हऑप्सचा कोर्स करावा का?

प्रश्न : मी सोलापूरला बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे. उबुंटू लिनक्सवर डॉकर टाकलं, तर प्रत्येक वेळी 'परमिशन डिनाइड' यायचं. मित्र म्हणाला, कमांडच्या आधी सुडो लाव. आता चालतंय, पण का चालतंय ते कळत नाही. पुण्यातला एक क्लास डेव्हऑप्सच्या, म्हणजे सॉफ्टवेअर सर्व्हरवर चढवून चालतं ठेवण्याच्या कामाच्या, कोर्सचे 60 हजार सांगतोय. बाबा कर्ज काढायला तयार आहेत. प्रवेश घेऊ का? लॅपटॉपला 4 जीबी रॅम आहे.

उत्तर : नको. निदान आत्ता तरी कर्ज काढून नको.

'का चालतंय ते कळत नाही' हे तू प्रामाणिकपणे लिहिलंस. मुलाखत घेणारा नेमकं तिथेच बोट ठेवतो, आणि त्याचं उत्तर शोधायला 60 हजार लागत नाहीत.

डॉकर म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारं सामान एका वेगळ्या डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारं साधन. त्याचं खरं काम पडद्याआड सतत चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे डेमन करतो, आणि तो रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या यूझरच्या अधिकाराने चालतो. तुझी कमांड त्याच्याशी 'डॉकर.सॉक' या सॉकेट फाइलमधून बोलते. फाइल रूटच्या मालकीची, तिचा ग्रुप 'डॉकर'. तू त्या ग्रुपात नाहीस, म्हणून अडवलं जातं. सुडो लावलं की कमांड रूट म्हणून चालते, म्हणून ती अडत नाही. 'यूझरमॉड' कमांडने स्वतःला ग्रुपात घाल, लॉगआउट करून पुन्हा लॉगइन कर. सुडोची गरज उरणार नाही. फक्त त्या कमांडमधला छोटा 'ए' विसरू नकोस. तो राहिला तर बाकीच्या ग्रुपांतून तुझं नाव उडतं, सुडोच्या ग्रुपातूनसुद्धा, आणि मग रिकव्हरी मोडमध्ये निस्तरत बसावं लागतं.

आता पुढचं, जे व्हिडिओवाले सहसा सांगत नाहीत. 'डॉकर' ग्रुपात असणं म्हणजे जवळजवळ रूट असणंच. ग्रुपातला कुणीही यजमान मशीनची, म्हणजे ज्यावर डॉकर चालतंय त्या मशीनची, अख्खी डिस्क कंटेनरमध्ये माउंट करून हवी ती फाइल बदलू शकतो. स्वतःच्या लॅपटॉपवर ठीक आहे. कंपनीच्या सर्व्हरवर कुणाला त्या ग्रुपात घालायचं, हा विचार करावा लागतो. हे न विचारता सांगणारा फ्रेशर मुलाखतीत लक्षात राहतो. रेड हॅट कंपनीने 2019 मध्ये आरएचईएल 8 या आपल्या लिनक्समधून डॉकर काढून पॉडमन हे तसंच साधन दिलं. पॉडमनला असा डेमन लागत नाही आणि ते साध्या यूझरच्या अधिकारातही चालतं. तेही टाकून बघ.

रॅमची काळजी नको. मात्र डॉकर डेस्कटॉप घेऊ नकोस, लिनक्सवर ते स्वतःचं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत दुसरा अख्खा संगणक, चालवतं. नुसतं डॉकर इंजिन पुरे. उबुंटूच्या भांडारातलं 'डॉकर डॉट आयओ' किंवा डॉकरच्या स्वतःच्या रेपॉझिटरीतलं 'डॉकर-सीई', यांतलं एकच. अर्धं या व्हिडिओतून, अर्धं त्या व्हिडिओतून केलंस की पॅकेजेस एकमेकांशी भांडतात.

एक प्रयोग आजच कर. लॅपटॉपवर 'यूनेम -आर' दे, मग अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या कंटेनरमध्ये शिरून तीच कमांड दे. दोन्हीकडे कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, आकडा एकच येईल, कारण कंटेनर लॅपटॉपचंच कर्नल वापरतो, व्हर्च्युअल मशीन स्वतःचं. कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन यांतला फरक पाठ करून सांगणारे ढीगभर असतात, हा आकडा दाखवून सांगणारे थोडे.

यानंतर कॉलेजचा प्रोजेक्ट घे, त्याची डॉकरफाइल, म्हणजे कंटेनरसाठीची कृती, लिही, डेटाबेस वेगळ्या कंटेनरमध्ये ठेव आणि सगळं गिटहबवर टाक. काय अडलं नि कसं सुटलं ते रीडमीमध्ये चार ओळींत, मराठी वळणाच्या इंग्रजीत का होईना, पण स्वतः लिही.

नोकरीचं म्हणशील तर फ्रेशरला थेट डेव्हऑप्स इंजिनिअर म्हणून घेणाऱ्या जागा कमी असतात. लिनक्स सपोर्ट, ज्युनिअर सिस्टीम अ‍ॅडमिन अशा पदांवरून तिकडे जाणं जास्त सोपं. तेव्हा आधी नेटवर्किंग आणि शेल स्क्रिप्टिंग पक्कं कर.

हे सगळं करूनही क्लास हवासा वाटला, तर आधी एक तास फुकट बसू द्या म्हण. शिकवणारा समोर टर्मिनल उघडून चुका दुरुस्त करत असेल तर फीची बोलणी कर, हप्त्यांत. नुसत्या स्लाइड्स सरकवत असेल तर पुढची सोलापूरची गाडी पकड. आणि '100 टक्के प्लेसमेंट' म्हणत असतील, तर ते करारात लेखी मागून बघ.