कांदा बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये पेट्या ठेवल्या, पण मधमाश्या गोंड्यांवर (कांद्याच्या फुलांच्या गोल गुच्छांवर) बसत नाहीत. वासाने त्यांना ओढता येतं का?

तुम्ही लिहिलंय की दीड एकर कांद्याचं बीजोत्पादन आहे, मेलिफेरा या परदेशी पाळीव मधमाशीच्या चार पेट्या आणल्यात, आणि माश्या मात्र शेजारच्या धन्या-मोहरीवर पडलेल्या असतात. गुळाचं पाणी फवारावं की दुकानातलं ‘मधमाशी आकर्षक’ आणावं, असा प्रश्न आहे. गूळ अजिबात नको. आकर्षकावर फार भिस्त ठेवू नका. पेटीच्या आत, वेळ साधून दिलेला कांद्याच्या फुलांचा वास मात्र कामाला येतो. तरी एक धरून चाला, वासाने माशी फुलापर्यंत येते, तिथे टिकते ती मकरंदावर. आणि कांद्याच्या मकरंदाचीच तर अडचण आहे.

आधी माशीला वास कसा कळतो ते बघू, म्हणजे पुढचे उपाय का चालतात किंवा का फसतात ते लक्षात येईल. माशीचं नाक म्हणजे तिच्या दोन मिश्या, पुस्तकी भाषेत शृंगिका. 2006 साली मधमाशीचा जनुकसंच वाचला गेला तेव्हा तिच्यात वास ओळखणारी साधारण 170 ग्राहकं (वासाचे किंवा चवीचे कण पकडणारी प्रथिनं) सापडली आणि चव ओळखणारी फक्त 10. म्हणजे वासाच्या बाबतीत ती फार तरबेज, चवीच्या बाबतीत बेताची. गोड किती आहे, खारट आहे का, एवढं तिला नीट कळतं. कडू आणि विषारी फारसं कळत नाही. हा मुद्दा फवारणीच्या वेळी पुन्हा येईल.

वास ती शिकते, आणि फार पटकन शिकते. प्रयोगशाळेत हे असं तपासतात: माशीला बर्फावर मिनिट-दोन मिनिटं गार करून बारीक नळीत अडकवतात, फक्त डोकं बाहेर. ती उपाशी असताना मिशीला साखरेच्या पाकाचा थेंब लावला की सोंड आपोआप बाहेर येते. आता थेंब लावण्याआधी दोन-तीन सेकंद एखादा वास सोडायचा आणि वास चालू असतानाच पाक द्यायचा. बहुतेक माश्या एक-दोन वेळातच शिकतात. पुढच्या खेपेला नुसता वास आला, पाक नसला, तरी सोंड बाहेर. असं तीन वेळा, मध्ये दहा-दहा मिनिटं सोडून केलं, तर ती आठवण पुढे कित्येक दिवस टिकते.

पेटीत रोज हेच चालू असतं. चारा शोधून आलेली माशी नाच करते तेव्हा तिच्या अंगावरच्या केसांना फुलाचा वास चिकटलेला असतो, आणि ती बाकीच्यांना मकरंदाचे थेंबही चाखायला देते. नाचातून दिशा आणि अंतर कळतं, शेवटच्या टप्प्यात नेमकं फूल शोधायला वास उपयोगी पडतो. मकरंद तोंडातून तोंडात फिरत असल्यामुळे अजून बाहेर न पडलेल्या तरुण माश्याही तो वास शिकून ठेवतात. कार्ल फॉन फ्रिश यांनी या गोष्टीचा शेतीसाठी उपयोग करून पाहिला होता. ज्या पिकावर माश्या हव्यात त्याची फुलं पाकात भिजवून तो पाक पेटीत द्यायचा, अशी त्यांची पद्धत. माश्यांच्या नाचाची भाषा उलगडल्याबद्दल 1973 चं नोबेल मिळालं ते हेच.

आता तुमचा कांदा. एका गोंड्यात काहीशे फुलं असतात आणि ती एकदम न उमलता दोन-चार आठवडे उमलत राहतात. फुलात सहा पुंकेसर. आतल्या तिघांच्या बुडाशी मकरंद साठतो. सकाळी भिंग लावून पाहिलंत तर तिथे चकचकीत थेंब दिसेल. थेंब उघड्यावर असल्यामुळे जालना-बुलढाण्यासारख्या कोरड्या हवेत दुपारपर्यंत त्यातलं पाणी उडतं आणि तो चिकट होतो. साखर 50-60 टक्क्यांच्या पुढे सहज जाते. गोडी वाढली म्हणून माशी खूश होईल असं वाटतं, पण एका मर्यादेपुढे घट्ट पाक सोंडेने ओढायला वेळ लागतो. त्याहून मोठी भानगड पोटॅशियमची. कांद्याच्या मकरंदात ते इतर बऱ्याच फुलांच्या साधारण दसपट असतं आणि माशीला ते नको असतं. साध्या पाकात तेवढं पोटॅशियम मिसळलं तरी ती तो टाळते. त्यामुळे शेजारी मोहरी, धने, ओवा, करडई किंवा आंबे बहाराची मोसंबी फुललेली असेल तर कांदा तिच्या यादीत खालीच राहणार. (मोसंबी-लिंबाच्या मकरंदात अगदी थोडं कॅफीन असतं आणि त्याने माशीची वासाची आठवण जास्त टिकते, हे 2013 मध्ये दाखवलं गेलंय. तेव्हा मोसंबीच्या बागेशी स्पर्धा सगळ्यात अवघड.)

यावरून पहिली गोष्ट ठरते ती पेट्या आणायच्या वेळेची. बहुतेकांचं इथेच चुकतं. गोंडे उमलायच्या आधी पेट्या आणून ठेवल्या की माश्या दोन दिवसांत आसपासचं जे फुललंय ते शोधतात, त्याचा वास, रंग आणि वेळ पाठ करतात आणि त्यालाच चिकटून राहतात. नंतर कांदा फुलला तरी बघत नाहीत. प्लॉटमधले 10 ते 15 टक्के गोंडे उमलू लागले की पेट्या आणा. चारही एकदम आणू नका. दोन आधी आणि उरलेल्या दोन त्यानंतर एका आठवड्याने, साधारण निम्मे गोंडे उमलल्यावर. नव्या पेटीतल्या माश्यांना परिसर माहीत नसतो, त्या जवळचंच फूल आधी तपासतात. पहिले काही दिवस त्यांचं काम सगळ्यात चांगलं होतं, म्हणून हा दुसरा हप्ता हातचा राखून ठेवायचा.

तुमच्या पेट्या आधीच येऊन धन्याला लागल्यात. त्या 3 किलोमीटरपेक्षा लांब, शक्य तर वेगळ्या फुलोऱ्याच्या भागात चार-पाच दिवस हलवा आणि परत आणा. याहून जवळ हलवल्या तर माश्या ओळखीच्या जागेवरून जुन्या ठिकाणी परत जातात. सातेरीच्या (आपल्याकडच्या देशी पाळीव मधमाशीच्या) पेट्या असत्या तर दोन किलोमीटरवर भागलं असतं. हलवाहलव रात्री, दार जाळीने बंद करून. मधपाळ परगावचा असेल तर त्याच्याशी सरळ बोलून पेट्या बदलून घेणं जास्त सोपं.

आता वासाचा पाक. एक लिटर पाणी उकळून खाली उतरवा, त्यात एक किलो साधी पांढरी साखर विरघळवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम पाकात फुलं टाकली की वास उडून जातो, मग सगळी मेहनत फुकट. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ताजे उमललेले 40-50 गोंडे तोडा आणि फक्त फुलं खुडून घ्या. देठ आणि दांडा नको, त्याचा कांद्यासारखा उग्र गंधकी वास येतो आणि तुम्हाला शिकवायचा आहे तो फुलाचा वास. थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) नुकतीच फवारणी झालेल्या ओळीतले गोंडे घेऊ नका. फुलं पाकात बुडवून झाकण लावून सावलीत चार ते सहा तास ठेवा, मग फडक्यातून गाळा. रात्रभर ठेवलं की आंबायला लागतं.

हा पाक संध्याकाळी माश्या आत आल्यावर, पेटीच्या आतल्या भांड्यात, प्रत्येक पेटीला 100 ते 150 मिली द्या. तरंगायला काड्या टाका, नाहीतर माश्या बुडतात. सलग तीन-चार दिवस पुरे. मधकोठी (पेटीचा मध साठायचा वरचा कप्पा) आधी काढून ठेवा, नाहीतर साखरेचा पाक मधात जाईल आणि तो मध विकता येणार नाही. पाक बाहेर सांडला तर तिथल्या तिथे धुवा. फुलोरा कमी असताना पेट्यांमध्ये लुटालूट सुरू झाली की दुबळी पेटी एका दिवसात संपते. साखरेऐवजी गूळ, काकवी किंवा बाहेरून आणलेला मध वापरू नका. गुळाने माश्यांना हगवण लागते, बाहेरच्या मधातून पिलाव्याचे (माश्यांच्या अळ्या-कोषांचे) रोग येतात.

जास्त पाक दिला तर जास्त फायदा, असं इथे नाही. पोटभर पाक मिळाला की मकरंद आणणाऱ्या काही माश्या परागाकडे वळतात. न्यूझीलंडमध्ये किवीच्या बागांत मुद्दाम भरपूर पाक देतात तो याचसाठी, कारण किवीच्या फुलात मकरंद नसतो. तुमचं वाण साधं, खुल्या परागीभवनाचं असेल तर थोडं असं झालेलं चालतं. संकरित असेल तर नाही. तिथे नर आणि मादी झाडांच्या ओळी वेगळ्या असतात, आणि मादी ओळीत पराग नसतो. पराग गोळा करणारी माशी नराच्या ओळीतच फिरते आणि मादी ओळ रिकामी राहते. तिथे मकरंद घेणाऱ्याच माश्या हव्यात. तेव्हा संकरित प्लॉटला 100 मिलीच्या वर जाऊ नका.

पिकावर गुळाचं पाणी फवारलं की माश्या येतात, हे खरं आहे, आणि म्हणूनच लोकांना ते पटतं. पण नीट बघा, त्या बसतात दांड्यावर, पातीवर, जिथे गोड थेंब आहे तिथे. फुलाच्या बुडाशी सोंड घालायचे कष्ट त्या कशाला घेतील? वरून मुंग्या येतात आणि चिकटलेल्या गोडावर काळी बुरशी धरते. पाकाचं भांडं प्लॉटच्या मध्ये ठेवणंही याच जातीचं: माश्या भांड्याला लागतात.

दुकानातल्या आकर्षकांमध्ये बहुधा नॅसोनोव्ह ग्रंथीच्या स्रावाची नक्कल असते. माश्या दारात पोटाचं टोक वर करून पंख हलवतात तेव्हा हाच वास सोडत असतात, ‘इकडे या’ असा. त्यात जिरॅनिऑल आणि सिट्रल असतं, म्हणून तो गवती चहासारखा येतो. उडालेला थवा रिकाम्या पेटीत घ्यायला हा वास छान चालतो. पिकावर मात्र निकाल मिश्र आहेत; माशी खेचून आणली तरी फुलात नावडता मकरंद आणि शेजारी मोहरी असेल तर ती निघून जाते. आधीच्या माशीने नुकतंच फूल रिकामं केलं असेल तर तिथे राहिलेल्या वासावरूनही ती बसायचं टाळते. म्हणजे ‘रिकामं’ हे सांगायचाही वास आहे, आणि त्याच्यापुढे बाटलीतल्या वासाचं फार चालत नाही.

मकरंदाच्या बाजूने हातात काय आहे? पाणी. फुलोऱ्यात ताण पडला की मकरंद कमी आणि घट्ट होतो. ठिबक असेल तर थोडं-थोडं पण नियमित द्या. तुषार सिंचन सकाळी नकोच, मकरंद पातळ होतो आणि परागही भिजतो. शेजारचे धने तुमचेच असतील तर पुढच्या वर्षी पेरणीची वेळ अशी धरा की दोन्ही फुलोरे एकावर एक येणार नाहीत. पेट्यांसाठी स्वच्छ पाणीही पन्नास-शंभर फुटांवर ठेवा.

फवारणीबद्दल कडक राहा. थ्रिप्सचा बंदोबस्त गोंडे फुटण्याआधी करा. फुलोऱ्यात वारंवार कीटकनाशक मारलेल्या प्लॉटवर माश्यांची ये-जा घटते. त्याहून वाईट म्हणजे आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारं) औषध मकरंदात उतरतं आणि माशीला ते चवीवरून कळत नाही. 2015 च्या एका अभ्यासात तर माश्यांनी इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम ही कीटकनाशकं मिसळलेला पाक साध्या पाकापेक्षा जास्त प्यायला. ‘विषारी असेल तर माशी बसणारच नाही’ हे गावोगाव ऐकायला मिळतं, ते चूक आहे.

उपाय लागू पडतोय की नाही हे पेटीच्या दारात बघून ठरवू नका, तिथली गर्दी धन्याचीही असू शकते. सकाळी दहा ते अकराच्या दरम्यान प्लॉटच्या मधोमध 10 गोंडे निवडा, एक मिनिट उभं राहून किती माश्या बसल्या ते मोजा. प्लॉटच्या चार जागी हेच करा. पाक सुरू करण्याआधी दोन दिवस आणि नंतर रोज. माशी गोंड्यावर वरवर चालतेय की फुलाच्या बुडाशी तोंड घालतेय, तेही पाहा. ही मोजणी करताना फुलोरी (लहान रानमाशी) आणि आग्या (मोठी रानमाशी) याही वेगळ्या मोजा. आपल्याकडच्या कांद्यावर फुलोरी बऱ्याचदा मेलिफेरापेक्षा निमूट काम करते, आणि तिची लहानशी पोळी बांधावरच्या झुडपात असतात. बांध पेटवताना ती जातात. पेटी भाड्याने आणण्याआधी बांध राखणं जास्त स्वस्त पडतं.

जाता जाता, पेट्यांजवळ पिकलेली केळी खात किंवा तसल्या वासाचं अत्तर लावून जाऊ नका. माशीच्या डंखातून निघणाऱ्या धोक्याच्या वासातला मुख्य घटक आयसोपेंटाइल अॅसिटेट, आणि केळ्याचा वास त्याचाच. एक डंख बसला तर नखाने खरवडून काढा, त्या जागी धूर द्या किंवा पाण्याने धुवा, नाहीतर दुसरी त्याच जागी येते.