'पॅक-रेफ्स' चालवल्यावर टॅगचं फोल्डर रिकामं झालं. टॅग गेले का, आणि ५०,००० टॅग ठेवायचे कसे?

टॅग गेलेले नाहीत. आधी 'गिट टॅग' चालवून बघा, सगळे दिसतील.

तुम्ही लिहिलंय की दर बिल्डला एक टॅग (गिटमध्ये एखाद्या कमिटला, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या स्थितीला, दिलेलं कायमचं नाव) पडतो, असे ५०,००० साठले, रेपो (प्रोजेक्टचा गिटमधला साठा) जड झाला म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून 'गिट पॅक-रेफ्स' चालवलं आणि '.गिट' मधलं 'रेफ्स/टॅग्ज' उघडलं तर आत काहीच नाही. पोटात गोळा येणारच. पण टॅगांनी फक्त जागा बदलली आहे.

'.गिट' मध्येच 'पॅक्ड-रेफ्स' नावाची साधी टेक्स्ट फाइल आहे. ती उघडून बघा. बदलू मात्र नका. वर # ने सुरू होणारी एक ओळ, आणि खाली नावांच्या क्रमाने एकेक नोंद: ४० अक्षरांचा हॅश (गिटमधल्या वस्तूची ओळख), एक स्पेस, पूर्ण नाव. अधूनमधून ^ ने सुरू होणारी ओळ दिसली तर तिच्या वरचा टॅग अ‍ॅनोटेटेड आहे असं समजा. असा टॅग स्वतःच एक ऑब्जेक्ट, म्हणजे गिटने साठवलेली वेगळी नोंद, असतो. तो न उघडताच कमिट कळावा म्हणून त्या कमिटचा हॅश तिथे लिहून ठेवलेला असतो.

आधी यातली प्रत्येक नोंद स्वतंत्र फाइल होती. ४० अक्षरं आणि ओळ संपल्याची खूण, एवढीच, म्हणजे ४१ बाइट. पण डिस्क ४ केबीच्या ब्लॉकमध्ये जागा देत असेल तर त्या ४१ बाइटांसाठी पूर्ण ४ केबी अडतात. ५०,००० टॅगांचे झाले सुमारे २०० एमबी. वर यादी काढायची म्हटलं की गिटला ५०,००० फाइली उघडाव्या लागतात, आणि खरा वेळ तिथेच जातो. आता ३० अक्षरांचं नाव धरलं तर एक ओळ ७२ बाइटांची, सगळी फाइल साडेतीन एमबीच्या आसपास. क्रम लावलेला असल्यामुळे एखादं नाव शोधायला ती अख्खी वाचावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. गिट आधी सुटी फाइल बघतं, ती नसेल तरच पॅक्ड फाइलकडे वळतं. 'पॅक-रेफ्स --ऑल' ने ब्रँचही पॅक होतात. त्यानंतर 'मेन' वर नवा कमिट केलात की सुटी फाइल पुन्हा तयार होते आणि पॅक्ड फाइलमधली जुनी ओळ तशीच राहते. आमच्याकडे एक डिप्लॉय स्क्रिप्ट थेट त्या फाइलमधून हॅश उचलायची. एकदा तिने कितीतरी जुना कमिट सर्व्हरवर चढवला, आणि कारण सापडेपर्यंत अख्खी दुपार गेली. हॅश हवा असेल तर 'गिट रेव्ह-पार्स' ला विचारा, यादी हवी असेल तर 'फॉर-ईच-रेफ' ला. या फाइली हाताने वाचणारी एकही स्क्रिप्ट ठेवू नका.

आता काढून टाकण्याबद्दल, कारण तुमचा पुढचा प्रश्न तोच असणार. पॅक्ड फाइलमधला एक टॅग काढायचा तर गिट तिला लॉक करून अख्खी फाइल नव्याने लिहितं. समजा ५०,००० पैकी ४०,००० टॅग लूपमध्ये एकेक करून काढलेत तर ती ४०,००० वेळा लिहिली जाईल. फाइल आकसत जाते म्हणून सरासरी दोन एमबीच्या थोडं वर धरलं तरी ८५ जीबीच्या आसपास लिखाण, तेही साडेतीन एमबीची फाइल आटपशीर करण्यासाठी! त्याऐवजी 'फॉर-ईच-रेफ' ने यादी काढा, प्रत्येक नावाआधी 'डिलीट' जोडा आणि ती यादी 'गिट अपडेट-रेफ' ला स्टँडर्ड इनपुटवरून एकदम द्या. सगळं एकाच व्यवहारात उरकतं.

संख्या लाखांत जाणार असेल तर 'रेफटेबल' ही रेफ (टॅग, ब्रँच अशी नावं) साठवायची नवी पद्धत बघा. शॉन पियर्स यांनी २०१७ मध्ये ते जेगिटसाठी (जावात लिहिलेलं गिट) मांडलं. तेव्हा अँड्रॉइडच्या रेपोत ८,६६,००० च्या आसपास रेफ होते आणि पॅक्ड फाइल ६२ एमबीची झाली होती. २०२४ मध्ये गिट २.४५ पासून ते मूळ गिटमध्येही आलं. त्यात हॅश बायनरीत, २० बाइटांत बसतो, शेजारच्या नावांचा सारखा भाग पुन्हा लिहिला जात नाही, आणि टॅग काढला की 'हा गेला' एवढी छोटी नोंद नव्या फाइलमध्ये पडते. पण जुनं गिट असा रेपो उघडतच नाही, त्यामुळे सगळ्यांची गिटची आवृत्ती तपासल्याशिवाय बदलू नका. ५०,००० साठी मी तरी बदलणार नाही.

मी दर बिल्डला टॅग पाडणं थांबवेन. बिल्ड क्रमांक आणि कमिटचा हॅश बिल्डमध्येच लिहून ठेवा, आणि टॅग खऱ्या रिलीजसाठी राखा. जुने काढण्याआधी 'गिट ब्रँच --कंटेन्स' ने बघा की ते कमिट कुठल्या तरी ब्रँचमध्ये आहेत. ज्या कमिटला फक्त टॅगचाच आधार आहे, तो टॅग गेल्यावर कधीतरी 'गिट जीसी' मध्ये, म्हणजे गिटच्या सफाईत, साफ होईल.

आणि सर्व्हरवरचेही काढा, 'गिट पुश --डिलीट' ने. टीमला त्याच दिवशी कळवा. ज्याच्या क्लोनमध्ये (रेपोच्या स्वतःच्या प्रतीत) जुने टॅग शिल्लक आहेत अशा एकाने जरी 'पुश --टॅग्ज' केलं, तरी चाळीसच्या चाळीस हजार परत येतात.